साडेतीनपट ताण

आमच्या टॉकीजच्या केबिनमधलं एकही मशीन पूर्णपणे एका कंपनीचं नव्हतं. वरचं प्रोजेक्टर हेड एकाचं, खालचं साउंड हेड दुसऱ्याचं, पायथा तिसऱ्याचा आणि लॅम्पहाउस मुंबईच्या एका बंद पडलेल्या थिएटरातून उचलून आणलेलं. फोटोफोन, वेस्ट्रेक्स, सिम्प्लेक्स अशा नावांच्या पाट्या एकाच मशीनवर वर-खाली दिसायच्या. तालुक्याच्या टॉकीजला दुसरा मार्ग नव्हता. सुटे भाग वेळेवर मिळत नसत, नवं मशीन टॉकीजच्या मालकांना, शेठना, परवडत नसे आणि खेळ तर रोज चालवायचा असे. त्यामुळे जोडाजोड केली याची मला आजही लाज वाटत नाही. लाज वाटते ती याची, की दोन भाग जोडताना मी बोल्ट बसतो का आणि शाफ्ट फिरतो का, एवढंच पाहिलं. त्या दोन भागांमधून जाणाऱ्या फिल्मवर काय बेतेल, हे मोजलं नाही. आणि फिल्म आमची नव्हती. ती वितरकाची. आमच्या आधी ती कुणीतरी चालवलेली असायची आणि आमच्यानंतर पुढच्या गावाला जायची.

गाव खानदेश आणि वऱ्हाडाच्या सीमेवरचं. सिनेमाच्या धंद्यात आमचा मुलूख सीपी-बेरार सर्किटमध्ये मोडायचा. प्रिंट अमरावतीहून किंवा भुसावळहून निघायची आणि लोखंडी पेट्यांतून, बहुतेकदा एसटीच्या टपावरून आमच्यापर्यंत यायची. आधी मोठी शहरं, मग जिल्ह्याची ठिकाणं, मग आम्ही, आमच्यानंतर आणखी लहान गावं आणि जत्रेतले तंबू. पेटी उघडली की पहिल्यांदा फिल्मचा वास घ्यायचा आणि कडेवरून नख फिरवायचं, हे मला चाचांनी शिकवलं. चाचा आमचे मोठे ऑपरेटर. मी त्यांच्या हाताखाली रिळं गुंडाळण्यापासून सुरुवात केली, पुढे विद्युत निरीक्षकांकडची परीक्षा देऊन ऑपरेटरचं लायसन्स काढलं. परीक्षेत मला आग लागली तर काय कराल, हे विचारलं. फिल्म फ्रेमगणिक थांबवत पुढे सरकवणाऱ्या माल्टीज क्रॉसचं काम विचारलं. टेक-अपच्या, म्हणजे चाललेली फिल्म गुंडाळून घेणाऱ्या स्पूलवर फिल्मला किती ताण बसतो, हे विचारलं नाही. आणि मीही पुढे बरीच वर्षं ते स्वतःला विचारलं नाही.

लहान चुका आधी सांगून टाकतो.

शेठनी एका मशीनसाठी झेनॉनचा दिवा आणला, दुसरं कार्बनच्या आर्कवरच राहिलं. दर चेंजओव्हरला, म्हणजे खेळ एका मशीनवरून दुसऱ्यावर नेताना, पडद्याचा रंग बदलायचा. झेनॉनवर निळसर पांढरा, कार्बनवर पिवळट. नायिकेची साडी एका रिळात एक आणि पुढच्या रिळात दुसरी दिसायची. दोन्ही जुळवायचे म्हणून मी झेनॉनचा करंट खाली आणला. त्या दिव्याला ठरावीक करंटच्या खाली चालवायचं नसतं. आर्क स्थिर राहत नाही, पडदा थरथरतो. लोकांचे डोळे दुखले आणि महागडा दिवा त्याच्या वेळेआधी गेला. कमी उजेडाच्या मशीनला जुळवून घेण्यासाठी मी चांगलं मशीन बिघडवलं होतं.

लेन्सचंही तसंच. सेकंडहँड लेन्स आणली, तिचं फोकल लेंग्थ पहिल्या लेन्सपेक्षा थोडं कमी निघालं, त्यामुळे दुसऱ्या मशीनचं चित्र पडद्याबाहेर जाऊ लागलं. लेन्स परत करायला हवी होती. मी त्याऐवजी कोऱ्या पत्र्याची अॅपर्चर प्लेट घेतली आणि तिची खिडकी लहान कापली. चित्र पडद्यात बसलं, पण फ्रेमचा काठ कापला गेला. जवळच्या शॉटमध्ये माणसांचं कपाळ जायचं, श्रेयनामावलीत कडेची अक्षरं जायची. कॅमेरामननं जे आखून दिलं होतं, त्यातला एक पट्टा आमच्या गावाला मी दाखवलाच नाही.

आवाजाची चूक याहून मोठी होती आणि ती जास्त दिवस चालली. दुसऱ्या मशीनचं साउंड हेड बिघडलं तेव्हा आम्ही वेगळ्या कंपनीचं बसवलं. बसायला ते नीट बसलं. मधे एक जाड प्लेट टाकावी लागली, ती लोहाराकडून करून घेतली. आवाज आला, स्वच्छ आला, मी खूश झालो. पुढे खेळ पाहताना मला वाटू लागलं की या मशीनवर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. एका प्रिंटला वाटलं, दुसऱ्याला वाटलं, आणि प्रत्येक वेळी मी म्हटलं, डबिंग वाईट आहे. त्या काळात डबिंग खरोखरच कधी कधी वाईट असायचं, म्हणून मला ते खपून गेलं. पहिल्या मशीनवर तेच पात्र, तोच आवाज, बरोबर जुळायचा, हे माझ्या डोळ्यांपुढे असूनही मी त्याचा अर्थ लावला नाही.

खरी गोष्ट अशी की फिल्मवर चित्राचा आवाज त्या चित्राच्या शेजारी नसतो. तो २० फ्रेम पुढे छापलेला असतो. गेटमध्ये, म्हणजे दिव्यापुढच्या खिडकीपाशी, फिल्म सेकंदाला २४ वेळा थांबत थांबत जाते, आणि आवाज वाचायचा तर ती एकसारखी सरकली पाहिजे. म्हणून आवाज खाली, साउंड हेडच्या ड्रमवर वाचतात. एका फुटात १६ फ्रेम बसतात, म्हणजे २० फ्रेमचे १५ इंच. गेटमधल्या फ्रेमपासून ड्रमवरच्या उजेडाच्या फटीपर्यंत फिल्मची लांबी १५ इंच भरली पाहिजे, मग ती मधे कशीही वळून जावो. लोहाराच्या प्लेटनं ती वाट लांब केली होती आणि मी लूप, म्हणजे फिल्मचा सैल वळसा, मात्र जुन्याच सवयीनं, बोटांच्या अंदाजानं सोडत होतो. तीन फ्रेम जास्त झाल्या होत्या. तीन फ्रेम म्हणजे सेकंदाचा आठवा भाग. कानाला तेवढं पुरतं.

हे कळलं ते चाचांमुळे. ते तेव्हा निवृत्त झाले होते आणि एका संध्याकाळी खेळ पाहायला आले. मध्यंतरात वर आले, काही न बोलता फिल्मचा एक टाकाऊ तुकडा घेतला, एका फ्रेमवर पेन्सिलीनं खूण केली, तिथून २० फ्रेम मोजून दुसरी खूण केली. पहिली खूण गेटमध्ये ठेवून तुकडा साउंड हेडपर्यंत लावला. दुसरी खूण फटीच्या अलीकडेच अडली. ते म्हणाले, ‘बेटा, हे तू पहिल्या दिवशी करायचं होतंस.’ एवढं एकच वाक्य. मी खालचा लूप कमी करून दोन्ही खुणा जागेवर आणल्या. त्या मशीनवर पाहिलेली गाणी, ज्यांत पावलं आणि ठेका जुळत नव्हता, ती पाहून गेलेल्या माणसांना मात्र मी पुन्हा बोलावू शकत नव्हतो.

आता मोठ्या स्पूलची गोष्ट. हे सगळं लिहायला बसलो ते तिच्यासाठी.

कार्बनच्या दिवसांत २००० फुटांच्या स्पूलपेक्षा मोठा स्पूल चालवण्यात अर्थ नव्हता. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट जाते, तेव्हा २००० फूट म्हणजे साधारण २२ मिनिटं. तेवढ्यात कार्बन जळत यायचे, नवे लावायचे, दुसऱ्या मशीनवर जायचं. त्यासाठी केबिनमध्ये दोन माणसं लागत. पुढे दुसऱ्या मशीनवरही झेनॉन आला आणि ही मर्यादा संपली. दिवा तासन्‌तास पेटता राहू लागला. शेठनी कुठेतरी पाहिलं होतं की रिळं एकमेकांना जोडून ६००० फुटांच्या स्पूलवर चढवली की अख्खा अर्धा सिनेमा न थांबता जातो. ६००० फूट म्हणजे तास आणि वर सहा-सात मिनिटं. बऱ्याच मराठी सिनेमांचं मध्यंतर तेवढ्यात येतं. एका माणसाचा पगार वाचणार होता. शेठ म्हणाले, ‘भाऊ, जमवून टाक.’

तयार ६००० फुटांचे स्पूल महाग होते. मी वेल्डिंगवाल्याकडे गेलो. अडगळीत १००० फुटांचे जुने स्पूल पडले होते, त्यांचा गाभा, म्हणजे फिल्म ज्याच्यावर गुंडाळतात तो मधला भाग, २ इंच व्यासाचा होता. २००० फुटांच्या चांगल्या स्पूलचा गाभा ४ इंचांचा. मी लहान गाभा निवडला. एक तर ते स्पूल रिकामेच पडले होते, त्यांची भोकं आमच्या स्पिंडलला बरोबर बसत होती, आणि माझा हिशेब असा होता की गाभा जितका लहान तितकी फिल्म जास्त मावेल. त्या गाभ्यांवर दोन-दोन फूट व्यासाच्या जाळीदार चकत्या वेल्ड करून घेतल्या. जुन्या स्पूलपेट्यांत ते मावेनात, तेव्हा पेट्या काढल्या आणि लोखंडी पट्ट्यांचे लांब हात लावले. भरलेल्या स्पूलमधल्या नुसत्या फिल्मचंच वजन १२-१३ किलोच्या आसपास जायचं. पहिल्या दिवशी ते फिरताना पाहून मला अभिमान वाटला होता.

स्पूल निम्म्याच्या पुढे भरला की टेक-अप ढिला पडायचा. फिल्म खाली लोंबायची, एकदा जमिनीवर ढीग झाला. टेक-अपच्या स्पिंडलवर एक फ्रिक्शन असतं: दोन चकत्या, मधे चामडं किंवा फेल्ट, वर स्प्रिंग. मशीनचा पट्टा तो स्पूल जरा जास्तच वेगानं ओढू पाहतो आणि फ्रिक्शन गरजेपुरतं घसरतं. मी स्प्रिंग आवळली. स्पूल शेवटपर्यंत नीट भरू लागला. वरच्या, फिल्म सोडणाऱ्या स्पूलचं वजन वाढल्यामुळे तो स्वतःच्या वेगानं पुढे पळायचा, म्हणून त्याचा ब्रेकही आवळला. दोन्ही अडचणी दूर झाल्या. खेळ सुरळीत चालला म्हणजे काम बरोबर झालं, असं मी धरून चाललो.

फ्रिक्शन जे देतं ते पिळाचं बळ, आणि ते स्पूल रिकामा असो की भरलेला, एकसारखंच असतं. फिल्मवर पडणारा ताण मात्र त्या बळाला स्पूलच्या त्या क्षणीच्या त्रिज्येनं भागल्यावर जो येतो तो. गाभ्याजवळ त्रिज्या लहान, म्हणून ताण सर्वांत जास्त. भरत जाईल तसा कमी. जुन्या २००० फुटांच्या स्पूलवर गाभ्याची त्रिज्या २ इंच आणि भरल्यावर ७ इंचांच्या आसपास. सुरुवातीचा ताण शेवटच्या ताणाच्या साडेतीनपट. मशीन बनवणाऱ्यांनी तेवढं धरूनच सगळं आखलेलं असतं. माझ्या स्पूलवर गाभ्याची त्रिज्या १ इंच आणि भरल्यावर १२ इंच. बारापट. शेवटाला पुरेशी ओढ राहावी म्हणून मी स्प्रिंग आवळली, आणि त्यामुळे खेळ सुरू होताना फिल्मवर पूर्वीच्या सुरुवातीच्या ताणापेक्षाही जवळजवळ साडेतीनपट ताण पडू लागला. हा ताण झेलतो खालचा स्प्रॉकेट, साउंड हेडच्या नंतरचा. त्याचे दाते फिल्मच्या भोकांत अडकून तिला धरून ठेवतात. वरच्या स्पूलचा ब्रेक नेमका उलट वागतो: फिल्म संपत येते तशी त्याची त्रिज्या घटते आणि ताण वाढतो. तो वरच्या स्प्रॉकेटला झेलावा लागतो. हे आज मी एका परिच्छेदात लिहिलं. तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

अशा अवस्थेत आमच्याकडे ‘माहेरची साडी’ आली. १९९१ सालचा तो सिनेमा गावागावांत किती चालला, हे त्या पिढीला सांगायला नको. बैलगाड्या, ट्रॅक्टर भरून बायका यायच्या. मॅटिनीला जास्तीच्या खुर्च्या टाकाव्या लागायच्या. प्रिंट आमच्याकडे यायच्या आधीच बरीच फिरलेली होती, पण नख फिरवून पाहिलं तेव्हा कडा धड होत्या. हे मला स्पष्ट आठवतं आणि म्हणूनच पुढचं लिहिणं जड जातं.

काही दिवसांत पहिल्या रिळाच्या सुरुवातीची भोकं फाटू लागली. आधी केसाएवढी चीर, मग भोकाचा कोपरा निघायचा, मग चित्र गेटमध्ये उडी मारायचं. मी फाटलेले तुकडे कापून जोडत गेलो. प्रत्येक जोडाला काही फ्रेम जायच्या. पट्ट्यांच्या लांब हातांमुळे फिल्म आता एका जुन्या रोलरवरून वेगळ्या कोनात वळत होती. तो रोलर अडकून बसला होता आणि फिल्म त्याच्यावरून घासत जात होती. पडद्यावर एक हिरवी रेघ उभी उतरू लागली. रंगीत प्रिंटवर काळी रेघ दिसली तर ओरखडा मागच्या, बेसच्या बाजूला असतो. हिरवी दिसली तर इमल्शन, म्हणजे चित्राचा लेप, खरवडलं गेलेलं असतं, सर्वांत वरचा थर निघालेला असतो. आणखी खोल गेलं की ती पिवळी होते. मला हे सगळं माहीत होतं. रेघ हिरवी होती, आमच्याकडे आल्यावर उमटली होती, आणि तरीही मी रोलर शोधायला खेळांचा हंगाम संपेपर्यंत थांबलो.

वितरकाचा माणूस हिशेबाला आला तेव्हा त्यानं प्रिंट पाहिली आणि विचारलं, ‘हे कुठे झालं?’ मी म्हणालो, ‘आली तशीच आहे.’

त्या वेळी मला खरंच तसं वाटत होतं का, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. अर्धं वाटत होतं. फिरलेली प्रिंट फाटतेच, आधीच कमजोर झाली असणार, असं मी मनाशी म्हणत होतो. पण पेटी आली तेव्हा मी नख फिरवलं होतं. ते मी त्याला सांगितलं नाही. आमच्या आधी ती प्रिंट ज्या गावात होती, तिथल्या टॉकीजवर नुकसानीची रक्कम टाकली गेली. तिथल्या शेठनी ती ऑपरेटरच्या पगारातून कापली. हे मला बरंच नंतर कळलं.

प्रिंट पुढच्या गावाला गेली. आठवड्याभरात तिथले ऑपरेटर एसटीनं आमच्याकडे आले. माझ्यापेक्षा वयानं बरेच मोठे, धोतर-टोपीतले. पिशवीतून त्यांनी फिल्मचे तुकडे काढले, कागदात वेगवेगळे गुंडाळलेले, प्रत्येकावर रिळाचा नंबर. केबिनमध्ये आले, आमच्या स्पूलकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘मला वाटलंच होतं.’

त्यांनी तुकडे रिवाइंडरच्या टेबलावर, काचेखालच्या दिव्यावर मांडले. ‘भाऊ, पाहा. प्रिंट जर कुठंही फाटली असती तर सगळ्या रिळांत फाटली असती. आमच्यासारख्या २००० फुटांच्या मशीनवर फाटली असती तर दर रिळाच्या तोंडाशी फाटली असती. ही फाटली आहे चारच ठिकाणी. पहिल्या रिळाच्या तोंडाशी, मध्यंतराच्या आधी, मध्यंतराच्या नंतर, आणि अगदी शेवटाला. म्हणजे जिथं खेळ चालला तिथं अर्धा सिनेमा एका स्पूलवर होता.’ मग त्यांनी बोटानं भोकं दाखवली. पहिल्या तुकड्यावर भोकाची मागची कड फाटलेली, म्हणजे दात्यानं फिल्म धरून ठेवली होती आणि टेक-अप तिला पुढे ओढत होता. मध्यंतराच्या आधीच्या तुकड्यावर भोकाची पुढची कड फाटलेली, म्हणजे दाता फिल्म ओढत होता आणि वरचा स्पूल सोडत नव्हता. ‘दोन्हीकडं आवळून ठेवलं आहे तुम्ही.’

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, घाई होती. त्यांच्याकडे अजून खेळ उरले होते आणि सिनेमाच्या सुरुवातीचा बराच भाग आता त्यांच्या प्रेक्षकांना दिसणार नव्हता. त्यांना एवढंच हवं होतं की पुढची प्रिंट आमच्याकडून त्यांच्याकडे यायच्या आत हे दुरुस्त व्हावं.

ते गेल्यावर मी मोजायला बसलो. भाजीवाल्याकडून लटकता काटा आणला. फिल्मची पट्टी गाभ्यावर गुंडाळून तिचं टोक काट्याला अडकवलं आणि फ्रिक्शन घसरेपर्यंत ओढलं. मग तेच भरलेल्या स्पूलच्या कडेवर केलं. दोन आकड्यांमधली तफावत पाहून मला मशीन चालवायची भीती वाटली. उपाय साधा निघाला. सुताराकडून सागवानी अर्धगोल करून घेतले आणि गाभा ८ इंचांचा केला. बारापट फरक तीनपटीवर आला, जुन्या स्पूलपेक्षाही कमी. गेलं काय, तर दोन फुटी स्पूलमध्ये मावणाऱ्या फिल्ममधले साधारण ६५० फूट. सात मिनिटं. तेवढ्यासाठी दुसऱ्या मशीनवर चेंजओव्हर करावा लागायचा, आणि तो करायला मी आनंदानं तयार होतो. लहान गाभा घेऊन जी सात मिनिटं मी मिळवली होती, त्यांच्यासाठी काय फाडलं, हे टेबलावर पडलेलं होतं.

तरीही मी दुसऱ्या मशीनचे स्पूल तसेच ठेवले. ते कमी वापरायचे म्हणून. पुढे पॉलिस्टरच्या प्रिंट येऊ लागल्या तेव्हा त्याची किंमत मोजली.

जुनी अॅसिटेटची फिल्म जोडायची ती फिल्म सिमेंटनं. इमल्शन खरवडायचं, सिमेंट लावायचं, दाबायचं. सिमेंट बेसला विरघळवतं आणि दोन तुकडे एकजीव होतात. पॉलिस्टर त्यात विरघळत नाही. मी पहिला जोड सिमेंटनं दिला, टेबलावर तो टिकल्यासारखा वाटला, आणि गेटपर्यंतही पोहोचला नाही. नंतर घरातली साधी चिकटपट्टी लावली. तिचा डिंक दिव्याच्या उष्णतेनं बाहेर आला, शेजारच्या वेढ्यांना चिकटला, धूळ धरली. पॉलिस्टरसाठी वेगळी टेप आणि भोकं पाडणारा स्प्लायसर लागतो. तो मागवायला मी शेठकडे तगादा लावायला हवा होता. नुसतं ओळखायचं तर काही अवघड नव्हतं. रीळ उजेडासमोर आडवं धरून कडेतून पाहिलं की पॉलिस्टर उजेड सोडतं, अॅसिटेट काळं दिसतं.

पण त्या फिल्मचा खरा धोका मला समजला नव्हता. अॅसिटेट जास्त ताण आला की तुटते. तुटली की आपण ओरडा ऐकतो, जोडतो, पुढे जातो. घरातला फ्यूज उडावा तशी ती तुटायची आणि मशीन वाचायचं. पॉलिस्टर तुटत नाही. एका खेळाला दुसऱ्या मशीनवर जोड सुटला, फिल्म खालच्या स्प्रॉकेटभोवती गुंडाळत गेली आणि आवळलेला टेक-अप ओढतच राहिला. मी मोटर बंद करेपर्यंत फिल्म स्प्रॉकेटवर धरून ठेवणाऱ्या पॅड रोलरचा हात वाकला होता, स्प्रॉकेटचा शाफ्टही. फिल्मला काही झालं नाही. लोकांचे पैसे परत द्यावे लागले आणि ते मशीन कितीतरी दिवस बंद राहिलं. या चुकीचं ओझं निदान आमच्यावरच पडलं.

रिळांचे दिवस पुढे संपले. उपग्रहावरून सिनेमे येऊ लागले आणि दोन्ही मशीनं भंगारवाल्यानं नेली. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून जुन्या फिल्म गोळा करतं. ज्या सिनेमाची निगेटिव्ह हरवली आहे, त्याची राहते ती अशीच गावोगाव फिरलेली एखादी प्रिंट. तिच्यात जे तुकडे नसतात, ते कुठल्यातरी केबिनच्या टोपलीत पडलेले असतात. आमच्या टोपलीतले मी स्वतः जाळले आहेत.

आमच्या आधीच्या गावच्या त्या ऑपरेटरना भेटायला मी बरंच उशिरा गेलो. तोवर त्यांनी टॉकीज सोडली होती आणि एसटी स्टँडजवळ मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकलं होतं. मी माझी ओळख सांगितली आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. किती कापले होते, हे विचारल्यावर त्यांनी लगेच आकडा सांगितला. मी पैसे पुढे केले. त्यांनी ते मोजून घेतले आणि गल्ल्यात ठेवले.

मग म्हणाले, ‘गाभा केवढा होता स्पूलचा?’

‘दोन इंच.’

‘आन भरलेला?’

‘दोन फूट.’

तारेचा एक वेढा पुरा करून ते म्हणाले, ‘म्हणजे बारापट. हे माप तवाच मला कोणी सांगितलं असतं, तर मी शेठसमोर तिथंच हिशेब मांडून दाखवला असता.’